सात पट्टे

सकाळी सव्वासातला शेवंती सोसायटीच्या फाटकाशी एकामागून एक सात रुग्णवाहिका येऊन थांबल्या. मनगटी पट्ट्यांनी कळवलं होतं, की सात रहिवाशांचं हृदय एकाच क्षणी अडखळलं.

डॉक्टर तनुजा खरात उतरल्या, तर सातही जण समोर उभे. देवळेकरांच्या हातात तर चहाचा कप होता.

"मला काहीच झालेलं नाही," ते म्हणाले. "पट्टा बिघडला असेल."

"सातही एकदम? गोळ्या बंद करून मी तुम्हाला रोज बागेत चाळीस मिनिटं लिहून दिली. तेव्हापासून नाडी उत्तम येतेय. दाखवा बरं पट्टा."

देवळेकरांचं मनगट मोकळं होतं. सगळ्यांचीच मनगटं मोकळी होती.

"वेळ कुठे मिळतो हो," निमकरबाई हळूच म्हणाल्या. "धोंडिबा माळी दिवसभर बागेतच असतो, म्हणून पट्टे त्याच्या हातात घातलेत."

"आणि त्याचा स्वतःचा?"

देवळेकर गोंधळले. "त्याला कशाला लागतो? तो तर बागेतच असतो."

डॉक्टर बागेकडे धावत सुटल्या. सातही रुग्णवाहिकांची तोंडं मात्र रहिवाशांच्या इमारतीकडे होती.