किरकोळ बदल

सासूबाई निवृत्त मुद्रितशोधक, म्हणून सूनबाईंनी उत्साहाच्या भरात आपली पहिलीवहिली कादंबरी तपासायला त्यांनाच पाठवली, आणि मग जीभ चावली. कादंबरीतली खाष्ट सासू कुणावरून बेतलीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं!

“छान जमलंय गं. एकच किरकोळ बदल केलाय,” एवढं बोलून सासूबाईंनी फोन ठेवलासुद्धा.

सूनबाईंनी जीव मुठीत धरून फरक लाल रंगात दाखवणाऱ्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी आणि नवी फाईल शेजारी शेजारी लावली. टोमणे, लावालाव्या, कारस्थानं सगळं जिथल्या तिथे होतं. अख्ख्या कादंबरीत एकच ओळ लाल झाली होती.



‘साठी उलटलेली’ खोडून सासूबाईंनी लिहिलं होतं, ‘सुनेची धाकटी बहीण शोभेल अशी’.