कुणी काही सांगितलं नाही तर

"बर्फावर पाय घसरतो, कारण..." दादा म्हणाला आणि कारणही सांगून मोकळा झाला. पण फळ्याशेजारच्या पडद्यावर 'कारण' एवढंच उमटलं आणि अक्षरं तिथेच रुतून बसली.

वर्गातल्या एकाही मुलाला ऐकू येत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. दादा बोलेल ते तिथे अक्षरांत उमटायचं आणि त्याच्याच जिवावर तास चालायचा. या शाळेत शिक्षक म्हणून तो नवा होता. खुणांची भाषा शिकत होता, पण त्याचे हात अजून बोबडंच बोलत होते.

राहिलेली अक्षरं लोंढ्यासारखी आली, तेव्हा दादा बर्फ सोडून गाडीच्या ब्रेकपर्यंत पोचला होता. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीला कोपराने ढोसलं, पडद्याकडे बोट दाखवलं. दोघींनी खांदे उडवले.

मागच्या बाकावर बसलेली त्याची धाकटी बहीण हे पाहत होती. इतके दिवस अक्षरं अडकतात म्हणून दादा फोनवर कुरकुरायचा आणि ती उंटावरून शेळ्या हाकायची. आज रजा टाकून स्वतः आली होती. कोपऱ्यात घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर तिने लिहिलेला प्रोग्राम चालू होता. कालच्या तासाच्या व्हिडिओचे तुकडे करायचे, त्याखाली अक्षरं जोडायची, म्हणजे मुलांना घरी पुन्हा पाहता येईल. शाळेला तो तिनेच हौसेने दिला होता. दादाचं बोलणं पडद्यावर आणणारा प्रोग्राम दुसऱ्या कुणाचा होता, पण दोन्ही प्रोग्रामांचं बिऱ्हाड एकाच मशीनवर.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. ती कॉम्प्युटरपुढे बसली.

"मशीनच जुनं आहे रे."

"अंगण वाकडं म्हण की."

ती हसली नाही. समोर सगळं ढळढळीत दिसत होतं. तिचा प्रोग्राम स्वतःच्याच अनेक प्रतींना, म्हणजे वर्करना, काम वाटून द्यायचा आणि ते सगळे एकाच वेळी राबायचे. किती वर्कर घ्यायचे हे कुणी सांगितलं नाही, तर मशीनमध्ये जेवढे कोर, म्हणजे हिशेब करणारे मेंदू, असतील तेवढे तो घ्यायचा. झाडून सगळे. ऑफिसात तिच्या मशीनवर तिच्याशिवाय कुणी नसायचं. तिथे तो वाऱ्यासारखा पळायचा आणि ती चारचौघांत मिरवायची. इथे त्याने कोर तर बळकावलेच, वर प्रत्येक वर्कर व्हिडिओचा भलामोठा तुकडा मेमरीत पसरून बसला होता. दादाच्या शब्दांना पाय ठेवायला जागा नव्हती.

"वर्कर कमी करता येतात, दादा. सेटिंग आहे तसं. तू बदललं असतंस तर..."

"मला काय स्वप्न पडणार होतं? पाहुणी म्हणून यायचं, सगळ्या खुर्च्या अडवायच्या, आणि वर म्हणायचं, मला उठवलं का नाहीस!"

तिला ते झोंबलं. प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या पानावर तिने सगळं लिहिलं होतं. पण तिने तरी कधी कुणाचं माहितीचं पान वाचलं होतं? जे हातात येतं तेच माणसं चालवतात. म्हणजे तिने कपातला चहा निवायच्या आत, फारसा विचार न करता जे ठरवलं, तेच या वर्गाच्या वाट्याला आलं होतं.

तिने वर्कर निम्मे केले. "बोल काहीतरी."

"धाकटी लहानपणापासून आगाऊ आहे," दादा पडद्याकडे पाहत म्हणाला. 'धाकटी लहानपणापासून' इथवर येऊन पडद्याला उचकी लागली.

मग मात्र तिने अंदाजपंचे सोडलं. एक वर्कर किती मेमरी खातो ते मोजलं. मोकळी किती उरते ते पाहिलं. मेमरीत किती वर्कर मावतात आणि इतर प्रोग्रामांसाठी जागा ठेवून किती कोर उरतात, यातला जो आकडा लहान, तो घ्यायचा. अगदीच अडचण असेल तर एकट्या वर्करने काम रेटायचं. ज्याला याहून जास्त हवेत, त्याने तोंड उघडून मागावेत. हे तिने फक्त शाळेपुरतं केलं नाही. प्रोग्राममध्येच लिहिलं, तो वापरणाऱ्या सगळ्यांसाठी.

"हळू चालेल आता," ती म्हणाली. घरातलं काहीतरी देऊन टाकल्यासारखा तिचा आवाज झाला. "लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. कालचा तास कुठे पळून जातोय?"

सुट्टी संपली. मुलं आत आली. तिचा प्रोग्राम एका कडेला आपलं काम निमूट करत होता. दादाने खडू उचलला.

"घर्षण, म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा. तो आहे म्हणून आपण चालतो. घर्षण नसतं, तर जगात कुणालाच पुढे जाता..."

दुसऱ्या रांगेतली ती मुलगी ताडकन उभी राहिली. तिने तळहात दाखवून त्याला थांबवलं आणि मग तोच हात हवेत नागमोडी फिरवला. दादाला कळेना. तिने पुन्हा फिरवला, या वेळी गाल फुगवून.

"मासे?" दादा म्हणाला, आणि 'मासे?' पडद्यावर उमटलंसुद्धा. "मासे कसे पुढे जातात, असं विचारतेस?"

तिने जोरात मान डोलावली. या वर्गात दादाचं वाक्य आजवर कुणी तोडलं नव्हतं. त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. धाकटी मान वळवून खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

"अजून कुणाला वाटतं, मी चुकतोय?" दादाने विचारलं.

हात एकदम वर गेले. आधी कोणाला विचारावं, तेच त्याला कळेना.