अकरा बुधवार

परशराम पूर्वरंग आटोपून आख्यानात शिरला होता. समोरच्या खुर्चीवर सत्याप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होता. तपासणीच्या बाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नाही.

बेळगावातल्या त्या कॉलेजनं ब्याऐंशी साली विद्यार्थी कल्याण विभाग उघडला. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आलेला सांबऱ्याचा परशराम. समाजकार्याच्या पदवीसाठी ही उमेदवारी पुरी करावी लागे. धारवाडहून बाई येणार, अहवालावर सही करणार, की झाली पदवी. आणि पदवी हातात पडली की ह्याच खोलीत कायमची नोकरी. प्रिन्सिपॉलांनी तसा शब्द दिला होता. परशरामनं दारावरची पाटी आधीच नावासकट रंगवून घेतली होती.

काम साधं होतं. पोरं अडचण घेऊन येणार, ह्यानं ती ऐकायची. पण परशरामच्या घरात तीन पिढ्यांचं कीर्तन. आजोबा उभे राहिले की सगळं देऊळ चिडीचूप व्हायचं. तो गळा नातवाकडं आला होता, वीणा तेवढी यायची राहिली होती. समोर कुणी बसलं की ह्याचं नमन सुरू. आणि खोटं कशाला बोला, गोड बोलायचा. दृष्टांत असे द्यायचा की दाराबाहेरचा शिपाई भरमा तासाची घंटा द्यायची विसरायचा आणि मग शिव्या खायचा.

येळ्ळूरचा सत्याप्पा जुलैत पहिल्यांदा आला. परशरामनं त्याला प्रेमानं बसवलं, काय अडचण म्हणून विचारलं, आणि त्याच्या उतरलेल्या तोंडाकडं बघून उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. गावाची ओढ. येळ्ळूर तिथून सायकलच्या टप्प्यात, पण निरूपणाला त्याची अडचण आली नाही. पाऊण तास झाला, घंटा झाली. पुढच्या बुधवारी ये म्हणाला. पोरगा आला. त्या बुधवारी न्यूनगंड निघाला. तिसऱ्या बुधवारी परीक्षेची धास्ती निघाली. मग वाईट संगत, जी सत्याप्पाला कधी लाभलीच नव्हती. तो प्रत्येक वेळी निमूट ऐकायचा, मान हलवायचा आणि उठताना वाकून पाया पडायचा. असा श्रोता आजोबांनाही मिळाला नव्हता. बाकीची पोरं एकदा येऊन परत फिरकत नसत. त्यांच्यासाठी परशरामनं वहीत वेगळा रकाना आखला होता, ‘सहकार्य न करणारे’.

बाई आत आल्या. परशरामनं आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः उभा राहिला. उभं राहून त्याला जास्त सुचायचं. पण बाईंनी चाळीस पानांचा अहवाल ओढून एकदम शेवटचं पान काढलं. तिथं उमेदवारानं स्वतःची झालेली वाढ लिहायची होती. परशरामनं लिहिलं होतं की संयम वाढला, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची ताकद आली, परक्या वातावरणात कुणाचा आधार नसताना तग धरायला शिकलो. पुरावा म्हणून सत्याप्पाच्या अकरा भेटी जोडल्या होत्या.

बाईंनी सत्याप्पाला विचारलं, तुझी अडचण काय होती. उत्तर द्यायला परशरामनं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला.

“ती अजून सांगितली न्हाय, बाई,” सत्याप्पा म्हणाला. “सर बोलाय लागलं की मधीच कसं बोलायचं? आमच्याकडं बुवा उभं ऱ्हायलं की कोण तोंड उघडत न्हाय.”

मग ती अडचण निघाली. प्रवेशाच्या वेळी त्याचं नाव चुकून कन्नड माध्यमाच्या वर्गात पडलं होतं. त्याला कन्नड यायचं ते बाजारापुरतं, भाजी आणि बैलाच्या भावाचं. इतिहासाचं कन्नड त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. कल्याण विभागानं दोन ओळींची चिठ्ठी दिली की ऑफिस वर्ग बदलून देतं, असं भरमानं सांगितलं म्हणून तो आला होता. मुदत ऑगस्टअखेरपर्यंत होती. आता डिसेंबर चालला होता.

आत्ता लिहून देतो म्हणत परशराम पेन शोधायला लागला. प्रिन्सिपॉलांच्या पाया पडतो, म्हणाला.

“आता ऱ्हाऊ द्या, सर,” सत्याप्पा म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता. “पयलं दोन म्हैनं काय सुदिक कळत न्हवतं. पर गप बसून ऐकायची सवय तुमच्यापाशी लागल्याली. तसाच वर्गात बी ऐकत बसलो. आता समदं कळतंय. सहामाहीला पास झालोय.”

परशरामचा चेहरा उजळला. आपण बोललेलं वाया गेलं नाही, हे त्याला बाईंना जरा दृष्टांतासहित सांगायचं होतं. त्यानं घसा साफ केला.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि अहवाल सही न करताच टेबलावर त्याच्याकडं सरकवला.

“शेवटच्या पानावरचा शब्द न् शब्द खरा आहे,” त्या म्हणाल्या. “वर नाव तेवढं ह्या पोराचं घालून आणा.”