आंदणाच्या पाच मेंढ्या

कळपातल्या एका मेंढीच्या खुराच्या फटीत ओला चिखल होता आणि चिखलात गोगलगाय. पाण्यातली, भुईमुगाच्या दाण्याएवढी, पातळ तपकिरी कवचाची. ऋतुजानं ती नखानं काढली, तळहातावर घेतली आणि भावापुढे धरली.

"दादा, ही कुटली?"

बिरुदेव टेंपोचं फळकं खाली पाडत होता. त्यानं एकदा बघितलं. "तळ्याची."

"तळ्यावर नेतोयस व्हय कळप?"

"बोअर आटलं. मग कुटं नेऊ?"

मंद्रूपच्या पुढच्या त्या वस्तीवर तळ्यातल्या गोगलगायी लहान पोरालाही ठाऊक होत्या. त्या जिथं असतात तिथल्या काठचं गवत पोटात गेलं की मेंढीच्या काळजात जंत होतात, रक्त आटतं, पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी धरतं आणि एके दिवशी मेंढी उठतच नाही. वडील, आबा, होते तोवर कळप त्या बाजूला कधी वळला नव्हता.

आणि आज लग्नात कबूल केलेल्या पाच मेंढ्या न्यायला ऋतुजाचे सासरे, सयाजीमामा, केमहून टेंपो घेऊन आले होते. कपाळाला भंडारा लावून मेंढ्या अंगणात उभ्या होत्या. ऋतुजाच्या मनात पाल चुकचुकली. आजारी जनावर लेकीच्या पदरात घालायची युक्ती काही नवी नाही. दिल्याचं नाव होतं आणि घरची पीडाही जाते. भाऊ झाला म्हणून काय झालं?

"मी डोळं बगनार," ती म्हणाली.

आंदणाच्या मेंढीचा डोळा माहेरच्या दारात, सासऱ्यादेखत तपासायचा म्हणजे भावाला तोंडावर चोर म्हणायचं. वहिनीनं, केराबाईनं, पदर तोंडाला लावला. सयाजीमामा तंबाखू मळता मळता म्हणाले, "बग की. तुजंच जनावर हाय." बोलणं मोठं मवाळ होतं, पण नजर मेंढ्यांवरून हलत नव्हती.

पहिलीला गुडघ्यात धरून ऋतुजानं खालची पापणी ओढली. आत लाल. दुसरीचं लाल. तिसरी, चौथीसुद्धा. तिला हायसं वाटलं, मागोमाग थोडी लाजही वाटली. पण हात घातलाच आहे तर आता मागं कसं फिरायचं? तेवढ्यात पाचवी बुजली आणि जाळीच्या कुंपणातल्या कळपात घुसली. ऋतुजा तिच्यामागं आत गेली.

वाट करायला तिनं एका मेंढीला जबड्याला धरून बाजूला लोटलं. हाताला गार, मऊ काहीतरी लागलं. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. तिनं पापणी ओढली. आत सोललेल्या लसणासारखं पांढरं. शेजारचीचंही तेच. तिच्या पलीकडची बसलेली होती. हाकललं तरी उठली नाही.

केराबाई मागं येऊन उभी राहिली होती. "तुमच्या पाच वायल्या बांदल्या व्हत्या, वन्सं," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यापासनं दारातच वैरन टाकून घागरीनं घरचं पानी पाजलंय त्यास्नी. समद्या कळपाला कुटनं पुरायचं?"

ऋतुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मघाशी केलेलं पुसून टाकता येत असतं तर तिनं पाचही मेंढ्या इथंच सोडल्या असत्या.

ती बाहेर आली तेव्हा पाचवी दुसऱ्या बाजूनं निसटून बिरुदेवाच्या हाती लागली होती. त्यानं तिला गुडघ्यात दाबून धरलं होतं आणि अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली होती.

"ही ऱ्हायली की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "हिचाबी बगून घे. मामा बगायल्यात."

सयाजीमामा खरंच बघत होते. ऋतुजा वाकली. डोळे इतके भरून आले होते की तिला मेंढीचं तोंडही धड दिसेना.

"लाल हाय, दादा," ती म्हणाली.