उर्वीचे गुडघे

चार वर्षांच्या उर्वीचे गुडघे चालताना एकमेकांवर घासायला लागले, तेव्हा मी सुनेला, यशश्रीला, चांगलंच सुनावलं. "तेल चोळायला हात झिजतात का तुझे? असली फेंगडी पोर उद्या कोणाच्या गळ्यात मारणार?"  तिने आखातातल्या आमच्या अमेरातहून टॅक्सी केली नि आम्हा आजी-नातीला रुवीत हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

मल्याळी डॉक्टर. उर्वीला दोनदा चालवून बघितलं नि हसला. "अम्मा, इस उमर में बहुत बच्चों का ऐसा होता है. सात-आठ साल तक अपने आप सीधा हो जाएगा."

"पायांना बांबूच्या कामट्या नको बांधायला?"

"कुछ नहीं करना. बांधोगे तो बिगड़ेगा."

घरी आले तर गुहागरहून लेकीचा फोन. सुगंधा बेचाळिसाची झाली, लग्न जमलं नाही. चार वर्षांची होती तेव्हा तिचेही गुडघे असेच घासायचे. मी हाडवैद्याकडून वर्षभर कामट्या आवळून घेतल्या. डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

"काय म्हणाला गं डॉक्टर?"

यशश्री समोरच बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"काय म्हणणार. कामट्या बांधायला सांगितल्यात," मी म्हटलं.

"मग बांध. रडली तरी सोडू नकोस हां, आई. तू तेव्हा माझं ऐकलं नाहीस, म्हणून तर आज मी एवढी तरी चालते."