चौथीचं बारसं

घुगऱ्या शिजल्या, पाळणा बांधून झाला, बायकांनी सोपा भरला. नाव काय ठेवायचं हे कुणी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? गुंडूची ही चौथी मुलगी. चौथीला नकुसा म्हणायचं, म्हणजे आता मुली नकोत हे देवाला कळतं आणि पाठीवर मुलगा होतो. कसबा बावड्यात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

नाव ठेवणार होती गुंडूची थोरली बहीण. तिचं नावही नकुसाच.

"हिला नकुसा म्हटलं आन् पाठीवर गुंडू झाला," तिची आई धोंडुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गुण हाय त्या नावाला. माझंबी नाव धोंडू ठिवलं, म्हणून तर जगले. न्हाय तर आधीची समदी गेलीच हुती की."

हा गुण नकुसा परकरात होती तेव्हापासून ऐकत आली होती. लग्नात नाव बदलतात, तेवढी एक आशा होती बिचारीला. तर सासू म्हणाली, राहू दे हेच, आमालाबी नातू पायजे.

बाळंतीण विठा भिंतीकडे तोंड करून बसली होती. आता मुलगा झाला नाही तर गुंडूला दुसरी करू, असं सासूने तिला बाजेवरच सुनावलं होतं.

दारात गुंडूचा चुलतभाऊ पिराजी टेकला होता. पागेतला मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. गोऱ्या पलटणीच्या घोड्यांबरोबर बोअरांच्या लढाईला आफ्रिकेत गेला होता, नुकताच परत आला होता, आणि आल्यापासून त्याचं तोंड काही बंद होत नव्हतं.

"तिथंबी आसंच हाय," तो म्हणाला. "तिथल्या लोकांस्नी झुलू म्हणत्यात. आमच्या छावणीत कापडं धुवायला एक झुलू बाई यायची. झानेले नाव तिचं. म्हंजी, पुरे झाल्या पोरी."

बायका खो खो हसल्या. धोंडुबाईचा तर जीव सुपाएवढा झाला. "बघा! समुद्रापल्याडबी शानी माणसं हायती."

नकुसा तेवढी हसली नाही.

"तिला लेकरू हुतं का रं?" तिने विचारलं.

"व्हय, एक लेक. पाठीला बांधून आणायची."

"तिनं काय नाव ठिवलं लेकीचं?"

"लिंदिवे."

"म्हंजी?"

"जिची वाट बघितली ती. तिकडं नाव म्हंजी आईबापाच्या मनातलंच की, अक्का. जे आसंल मनात, त्येच ठिवलं." पिराजीने तंबाखू चोळायला घेतली.

"गप्पा पुरे झाल्या," धोंडुबाई ओरडली. "घ्या उरकून."

नकुसा पाळण्यावर वाकली. बायकांच्या मुठी तिच्या पाठीवर पडू लागल्या. आत्या कानात नाव सांगेपर्यंत पाठीत गुद्दे घालायचे, ही रीतच. पण नकुसा नुसतीच वाकून राहिली. गुद्दे पडतायत, हसणं चाललंय, आणि ही आपली बाळाकडे बघतेय.

"आगं, पाठ मोडंल की! सांग लवकर!"

"कुर्र," नकुसा बाळाच्या कानाशी म्हणाली. आणि मग मोठ्याने, "लिंदिवे."

मुठी थांबल्या. विठाने पहिल्यांदाच भिंतीकडचं तोंड वळवलं.

"आगं भवाने!" धोंडुबाई किंचाळली. "आत्याच्या तोंडचं नाव परत घेता येत न्हाय! पाठीवर पुन्हा पोरगीच आली म्हंजी?"

"आली तर आली. आन् दुसरी करायची बात काढलीस तर विठाला मी माझ्या घरी नेईन. चारी पोरींसकट."

धोंडुबाईला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. लेकीकडे बघवेना तिला. पाळण्याकडे बघत ती म्हणाली, "वाट बघितली म्हणं! ह्या घरात कोण बघत हुतं गं हिची वाट?"

पिराजीची तंबाखू तळहातावरच राहिली.

नकुसाने बाळ उचलून पोटाशी धरलं.

"मी," ती म्हणाली. "माझ्या जन्मापासनं."