मागची रांग

गावात आधी एकच चर्च होतं. मग सुतार पणजोबांनी चर्चच्या वहीत लिहिलेली "बाकं वेगळी करा" ही ओळ वरून फाटलेल्या पानावर कुणीतरी वाचली, आणि आपल्यालाच वेगळं काढतायत असं समजून मागच्या रांगेतली माणसं जी तडकली ती थेट रस्त्यापलीकडे स्वतःचं चर्च बांधूनच थांबली! तेव्हापासून इकडची पोरगी तिकडे द्यायची नाही म्हणजे नाही. आणि सुताराच्या पणतीचा जीव जडला तो नेमका तिकडच्या बेकरीवाल्यावर.

आज पणजोबांची हत्यारांची पेटी साफ करताना तिला एक खिळ्यांची पुडी सापडली. पुडीचा कागद म्हणजे वहीच्या त्याच पानाचा फाटलेला वरचा तुकडा! चपला न घालताच ती चर्चमध्ये पळाली, तुकडा पानाला लावला, तर कड न् कड जुळली. पूर्ण ओळ होती, "मागच्या रांगेला वाळवी लागलीय, म्हणून बाकं वेगळी करा."

पान घेऊन ती धापा टाकत घरी आली. "बाबा, भांडण कधी नव्हतंच हो! आता तरी हो म्हणा ना!"

बाबांनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली.



"बघ, मी म्हणत नव्हतो? वाळवी त्यांच्याच रांगेला होती!"